शिंगाच्या मुठीतील चिरा, टवके आणि कसरीची छिद्रे : नैसर्गिक भरण कोणते वापरावे?

जुनीमूठ (धागाकर्ता)

नमस्कार. वडिलांनी आयुष्यभर वापरलेली एक सुरी आता माझ्याकडे आली आहे. तिच्या मुठीला दोन्ही बाजूंनी काळपट तपकिरी शिंगाच्या पट्ट्या असून त्या पितळेच्या तीन खिळ्यांनी पात्याच्या दांड्यावर जखडलेल्या आहेत. मागच्या खिळ्यापासून मुठीच्या टोकापर्यंत सुमारे तीन सेंटिमीटर लांबीची चीर गेली आहे. पात्याजवळच्या कोपऱ्याचा नखाएवढा टवका उडाला आहे, आणि डाव्या पट्टीवर किड्याने कुरतडल्यासारखी सहा-सात छिद्रे आहेत, ज्यांपैकी दोन चांगली खोल आहेत.

दोन वर्षांपूर्वी अशीच एक दुसरी मूठ मी इपॉक्सीने भरली होती. भरण आजही दगडासारखे घट्ट आहे, मात्र पुढच्याच कोरड्या हंगामात त्याच्या अगदी कडेने शिंगाला नवी चीर पडली आणि ती आधीच्या चिरेपेक्षा लांब निघाली. म्हणून या सुरीसाठी लाख, सरस, राळ, मेण, शिंगाची पूड अशा जुन्या सामग्रीकडे वळावे असे मनात आहे. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष हाताने केले आहे त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

कानस_हाती

भरणाकडे वळण्यापूर्वी मूठ खरोखर शिंगाचीच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. गाय, म्हैस, मेंढा यांचे शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावर वाढलेले केराटिनचे आवरण असते. आपले केस आणि नखेही त्याच जातीच्या प्रथिनाची असतात. हरणाचे मृगशिंग मात्र हाड असते आणि त्याला पाणी, उष्णता व चिकटद्रव्ये वेगळ्या रीतीने मानवतात. याखेरीज नकली शिंगही फार जुने आहे. सेल्युलॉइड 1870 च्या सुमारास बाजारात आले, दुधातील केसिनपासून केलेले प्लास्टिक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले आणि बेकेलाइटचा शोध 1907 मध्ये लागला. या तिन्हींच्या मुठी आजही जुन्या सामानात सर्रास सापडतात.

तापवलेल्या सुईचे टोक मुठीच्या न दिसणाऱ्या जागी हलकेच टेकवले की शिंगाला जळक्या केसांचा वास येतो, केसिनला करपलेल्या दुधाचा, सेल्युलॉइडला कापराचा आणि बेकेलाइटला कार्बोलिक आम्लाचा. सेल्युलॉइड अत्यंत ज्वालाग्राही असल्यामुळे त्याची नुसती शंका आली तरी सुई टेकवू नये. कोरड्या कापडाने जोरात घासून वास घेतला तरी कापूर ओळखू येतो. बहिर्गोल भिंगातून पाहणे सर्वांत निर्धोक. शिंगात लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा आणि कडेला एकावर एक चढलेले पापुद्रे दिसतात, तर प्लास्टिकमध्ये रंगाचे ढग असले तरी पापुद्रे नसतात.

संथपणे

चीर का पडली, हे समजल्याशिवाय ती भरू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

शिंग हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. ओलावा वाढला की ते फुगते, कमी झाला की आकसते. पण खिळे आणि पोलादी दांडा त्याच्याबरोबर आकसत नाहीत. शिंग तीन जागी जखडलेले असते, त्यामुळे ताण खिळ्याभोवती साचतो आणि तेथून रेघेच्या दिशेने फाट जाते. तुमच्या इपॉक्सीच्या मुठीत नेमके हेच घडले असावे. चीर ही त्या शिंगाला हालचालीसाठी मिळालेली जागा होती. ती जागा शिंगाहून कठीण पदार्थाने ठासून बंद केली आणि पुढच्या वेळी शिंग शेजारून फाटले. भरण शिंगापेक्षा थोडे दुबळे असावे, म्हणजे ताण आला तर आधी भरण सुटेल आणि शिंग वाचेल. भरण पुन्हा घालता येते.

दुसरे कारण खिळ्यांपाशी आणि दांड्यापाशी शोधावे. दांड्याला गंज चढला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि पट्टीला आतून उचलतो. पितळी खिळ्यांच्या भोवती हिरवट, मेणासारखा थर दिसत असेल, तर तेलातुपाच्या संपर्कात तांब्याचा अंश गंजत आहे असे समजावे. हा थर बांबूच्या टोकदार काडीने कोरून काढता येतो. त्यावर ओले काही लावू नये.

एवढे पाहून झाल्यावर ती सुरी किमान तीन आठवडे, ऊन व पंख्याचा थेट वारा लागणार नाही अशा डब्यात, सुमारे 50 टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवावी. कोरड्या जागेतून आलेली चीर एवढ्यानेही अर्धी मिटलेली मी पाहिली आहे. ऐन कोरड्या दिवसांत जास्तीत जास्त उघडलेली चीर काठोकाठ भरली, तर दमट दिवसांत शिंगाला फुगायला वाव उरत नाही.

पाकोळी

छिद्रांविषयी लिहिते. भोकांत भुकटी असेल तर ती पांढऱ्या कागदावर झाडून भिंगाखाली पाहा. केसाळ अळीने टाकलेल्या काती आणि मुठीच्याच रंगाचे रवाळ कण सापडले, तर ते गालिच्याच्या भुंगेऱ्याच्या जातीतील किड्याचे काम आहे. कापडाला लागणारी कसरही शिंग खाते, मात्र ती रेशमी जाळी किंवा नळी मागे सोडते. भुंगेऱ्याचा प्रौढ किडा फुलांवर परागकण खातो. शिंग, लोकर, पिसे यांचा नाश त्याची अळी करते. त्यामुळे घरात किडा उडताना दिसला नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

जिवंत अळीवर लाख भरण्यात काहीही अर्थ नाही. सुरी मऊ कागदात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावी आणि घरगुती फ्रीझरमध्ये, म्हणजे उणे 18 अंशांच्या आसपास, दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यानंतर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नये. घाई करून उघडली, तर हवेतील बाष्प थंड पात्यावर आणि शिंगावर जमून नवीच अडचण उभी राहते. कापराच्या वड्यांवर विसंबून राहू नका. वासाने किडा दूर राहीलही, पण आत शिरलेली अळी त्याने मरेल याचा भरवसा नाही.

जुनीमूठ

सर्वांचे मनापासून आभार. मुठीच्या तळाशी सुई टेकवली, वास निःसंशय जळक्या केसांचा आला. छिद्रांतून चिमूटभर रवाळ भुकटी आणि दोन केसाळ काती निघाल्या. जाळी कुठेही नव्हती. सुरी आजच पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली आहे. मागच्या खिळ्याभोवती हिरवा थर आहे, तो नंतर कोरून काढीन. दांड्याच्या कडेला गंजाचे डाग आहेत, पण पट्टी उचललेली दिसत नाही. कागदाची कड आत शिरत नाही.

आता भरणाविषयी लिहावे. वेळ भरपूर आहे.

लाखेची_कांडी

मी गेली कित्येक वर्षे लाखच वापरत आलो आहे, म्हणून तिच्याविषयीच लिहितो.

चपडी लाख साधारण 75 ते 80 अंशांला वितळते, थंड झाल्यावर लगेच घट्ट होते, वाळताना आकसत नाही कारण तिच्यात उडून जाण्यासारखे पाणी किंवा द्रावक नसते, आणि नको झाली तर अल्कोहोलने विरघळवून काढता येते. शिंगाच्या भरणाकडून याहून जास्त काय मागावे? तिचा एकच मोठा दोष म्हणजे ठिसूळपणा. तो कमी करण्यासाठी मी लाखेच्या चौथ्या भागाइतकी राळ आणि अगदी थोडे, वाटाण्याएवढ्या लाखेला मोहरीएवढे, मधमाशीचे मेण मिसळतो. मंद आचेवर लहान पळीत हे सारे एकजीव करून त्यात शिंगाची वस्त्रगाळ पूड घालतो. पूड घरीच करावी : शिंगाचा टाकाऊ तुकडा बारीक कानशीवर घासायचा आणि मिळालेला भुगा मलमलीतून गाळायचा. हे करताना तोंडावर चांगला मास्क हवा, कारण ही पूड श्वासावाटे आत जाणे अपायकारक आहे.

पूड किती घालायची याचे माप देत नाही, कारण ते लाखेवर आणि भुग्याच्या जाडीवर ठरते. मिश्रण पळीतून उचलल्यावर मधासारखी तार धरत असेल तर ठीक. ओल्या वाळूसारखे तुटू लागले तर पूड जास्त झाली, आणि असे भरण कडेला भुरभुरते. रंगाच्या बाबतीत नवख्यांची हमखास फसगत होते : पूड लाखेत भिजली की कोरडी असताना दिसते त्यापेक्षा पुष्कळ गडद होते. त्यामुळे मुठीहून दोन छटा फिकी पूड निवडावी. मूठ गडद काळी असेल तर चिमटीभर काजळी, तांबूस असेल तर थोडा गेरू. नमुन्याचा थेंब शिंगाच्या तुकड्यावर टाकून, थंड झाल्यावर घासून, चकाकी आणून, मगच मुठीशी ताडून पाहावा; न घासलेल्या थेंबाचा रंग फसवा असतो.

मिश्रण गरम असतानाच गुळगुळीत दगडावर ओल्या बोटांनी वळून पेन्सिलीएवढी कांडी करून ठेवावी. भरताना कांडी ज्योतीत धरायची नाही, काजळी धरते. लहान बोथट सुरी किंवा दाभण स्पिरिटच्या दिव्यावर तापवून, काजळी पुसून, त्या तापलेल्या धातूवर कांडी टेकवायची आणि सुटलेला थेंब छिद्रात उतरवायचा. छिद्र आधी कोमट करून घेतलेले असावे, नाहीतर थेंब थंड भिंतीला धरत नाही, नुसता आत बसतो आणि महिन्याभराने अख्खा मणी होऊन बाहेर पडतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल इतकेच. खोल छिद्र एका दमात भरू नये. तळाशी हवा कोंडते.

लाख पुन्हा पुन्हा आणि फार वेळ तापवत राहिलो तर ती रबरासारखी होते, मग ती ना नीट वितळते ना अल्कोहोलमध्ये विरघळते. पळीत लागेल तेवढीच घ्यावी.

शृंगपूड

लाखेच्या कांडीविषयीचा आदर ठेवून थोडा मतभेद नोंदवतो. रुंद छिद्राला लाख उत्तम, पण केसासारख्या बारीक चिरेत ती उतरतच नाही. वितळलेली लाख दाट असते आणि थंड शिंगाला लागताच थिजते. अशा ठिकाणी मी प्राणिज सरस वापरतो. सरसाचे दाणे थंड पाण्यात रात्रभर फुगवावेत, नंतर दुहेरी भांड्यात 60 अंशांपर्यंत गरम करावेत. त्याच्या फार वर नेल्यास चिकटपणा घटत जातो. पातळ सरस चिरेवर ठेवून पट्टी अंगठ्याने अगदी किंचित दाबत-सोडत राहिले की तो स्वतःच आत ओढला जातो. सरसही प्रथिन, शिंगही प्रथिन. दोघेही ओलाव्याबरोबर फुगतात-आकसतात, म्हणून त्यांचे बरे जुळते.

त्याची उणीवही सांगितली पाहिजे. सरसात पाणी असते, ते उडाले की भरण खाली बसते. शिंगाची पूड कालवून केलेले सरसाचे लुकण मी छिद्रात चार वेळा, प्रत्येक वेळी एक दिवस वाळवून भरतो, तरी शेवटी पृष्ठभागाच्या किंचित खालीच राहते. शिवाय सरस हे किड्यांचे खाद्यच आहे. तुमच्या मुठीला भुंगेरा लागून गेला असल्यामुळे छिद्रांत सरस भरणे मला स्वतःला पटत नाही. चिरेसाठी सरस आणि छिद्रांसाठी लाख, असा माझा सल्ला राहील.

लाखेची_कांडी

बारीक चिरेबाबतचे म्हणणे मान्य आहे. अल्कोहोलमध्ये विरघळवलेली पातळ लाख मी चिरेत सोडून पाहिली आहे. ती आत जाते खरी, पण अल्कोहोल उडाल्यावर भिंतींवर नुसता पापुद्रा उरतो, चीर भरत नाही.

एक_चूक_माझी

इतरांकडून माझी चूक पुन्हा घडू नये म्हणून लिहीत आहे. म्हशीच्या शिंगाची मूठ असलेला एक जुना वस्तरा होता. वर्षानुवर्षांचा मळ आणि तेलकटपणा गेल्याशिवाय भरण धरणार नाही हे मला ठाऊक होते, म्हणून धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात ती मूठ पंधरा-वीस मिनिटे ठेवली. बाहेर काढली तेव्हा बोटाला बुळबुळीत लागली. वाळल्यावर चकाकी पूर्ण गेलेली, वर राखट पांढुरका थर आणि जेथे पूर्वी एकही भेग नव्हती तेथे पापुद्रे सुटलेले. केराटिनला घट्ट धरून ठेवणारे गंधकाचे बंध अल्कलीने तुटतात, हे मी नंतर वाचले.

सोडा, चुना, अमोनिया, ब्लीचिंगचे पाणी यांपैकी काहीही शिंगाजवळ नेऊ नये. याच कारणाने चुना घालून केलेले केसिनचे चिकटद्रव्यही, ते कितीही नैसर्गिक असले तरी, शिंगासाठी घेऊ नये. तेलकटपणा काढायचा तर कापसाच्या बोळ्यावर थोडे अल्कोहोल घेऊन पुसावे, आणि तेही मुठीवर आधीची लाख लावलेली नाही याची खात्री झाल्यावरच.

पापुद्रा

टवक्याविषयी कोणी लिहिले नाही. नखाएवढा कोपरा लाखेने उभा करता येतो, पण ती जागा बोटाच्या दाबाखाली येते आणि पहिल्याच आपटण्यात उडते. तेथे शिंगाचेच ठिगळ बसवावे.

ठिगळासाठी शिंगाच्या टोकाकडचा भरीव भाग घ्यावा. बुंध्याकडचा पोकळ भाग उष्णतेने मऊ करून, दाबून सपाट केलेला असतो, आणि शिंगाची स्मरणशक्ती फार दांडगी असते : पुन्हा गरम किंवा ओले झाले की ते आपल्या जुन्या वळणाकडे जाऊ पाहते. पुष्कळ मुठींच्या पट्ट्या टोकाला उचलल्या जातात त्याचे हेच कारण आहे. भरीव टोकाला असे जुने वळण नसते.

टवक्याची वेडीवाकडी जागा धारदार पटाशीने एका सपाट उतारात आणावी, मूळ शिंग शक्य तेवढे कमी काढावे. ठिगळाच्या रेघा मुठीच्या रेघांना समांतर याव्यात. जोडाची दोन्ही पृष्ठे कोरडी, तेलविरहित आणि ताजी खरवडलेली हवीत. बोटांचा स्पर्शसुद्धा नको. ठिगळ थोडे मोठे कापून गरम सरसाने चिकटवावे, दोऱ्याने आवळून दोन दिवस ठेवावे आणि मगच कानशीने आकारात आणावे. पूर्वी कंगवे आणि कंदिलाची पारदर्शक तावदाने करणारे कारागीर शिंगाचे दोन पातळ पापुद्रे तापलेल्या चिमट्यांत दाबून चिकटद्रव्याशिवायच सांधत असत. ही कला पाहण्यासारखी आहे, पण जुन्या मुठीवर, खिळे आणि पाते जागेवर असताना, तेवढी उष्णता देण्याचे धाडस करू नये.

नवीन_सभासद

माझ्या रोजच्या वापरातील स्वयंपाकघरातल्या सुरीची मूठ शिंगाची आहे आणि तिलाही चीर आहे. ती दिवसातून दोन-तीनदा पाण्याखाली जाते. तिच्यासाठीही हीच पद्धत चालेल का?

संथपणे

माझ्या मते नाही, आणि हे स्पष्ट सांगितलेले बरे. लाख पाण्याने पांढुरकी पडते व गरम पाण्याने मऊ होते, सरस तर पाण्यात सुटतोच. राळ चार भाग आणि मेण एक भाग यांत विटेची बारीक पूड घालून केलेले जुने लुकण दांडा मुठीत बसवायला उत्तम असते, पण तेही गरम पाण्यापुढे मऊ पडते. रोज धुतल्या जाणाऱ्या मुठीत चीर ही अन्नाचे कण आणि ओल साठण्याची जागा होते, त्यामुळे तेथे पट्टी बदलून घेणे योग्य. ते होईपर्यंत निदान ती सुरी पाण्यात बुडवून ठेवू नका, ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा.

शृंगपूड

जपानी उरुशी, म्हणजे एका झाडाचा चीक, हा नैसर्गिक असूनही पाण्याला दाद न देणारा पदार्थ आहे. लाकडाची पूड कालवून त्याचे लुकणही करतात. मात्र ते वाळण्याऐवजी दमट हवेत हळूहळू पक्के होते, पक्के झाल्यावर कशानेही विरघळत नाही, आणि कच्च्या चिकाने त्वचेला भयंकर खाज व फोड येतात. जुन्या, आठवणीच्या वस्तूसाठी जे परत काढता येत नाही ते मी सुचवणार नाही.

जुनीमूठ

सात आठवड्यांनी लिहीत आहे. काम पूर्ण झाले आहे. ज्यांनी इतक्या आपुलकीने लिहिले त्यांना त्याचा वृत्तान्त द्यायला हवा.

फ्रीझरमधून काढल्यावर सुरी तीन आठवडे डब्यात ठेवली, सोबत एक लहान आर्द्रतामापक ठेवला होता. काटा 48 ते 53 च्या दरम्यान राहिला. चीर मिटली नाही, पण अरुंद झाली. आधी तिच्यात पोस्टकार्डाची कड शिरत असे, आता साधा कागदही अडकू लागला. खिळ्याभोवतीचा हिरवा थर बांबूच्या काडीने काढताना खाली शिंगाचा रंगही हिरवट झालेला आढळला. तो डाग मी तसाच राहू दिला आहे.

चिरेत सरस सोडण्याचा क्षण विसरण्यासारखा नाही. मूठ कोमट केली, ब्रशच्या टोकाने थेंब चिरेच्या मध्यावर ठेवला आणि काहीच घडले नाही. थेंब तसाच फुगीर उभा राहिला. मग सांगितल्याप्रमाणे पट्टी अंगठ्याने हलकेच दाबून सोडली. थेंबाची कड एकदम सपाट झाली आणि चिरेची काळी रेघ खिळ्याकडून टोकाकडे क्षणात ओली होत गेलेली मला डोळ्यांनी दिसली. असे तीन थेंब लागले. दाबून बांधली मात्र नाही. चीर बळाने मिटवली तर ताण पुन्हा तेथेच साचेल असे वाटले.

टवक्याचे ठिगळ पहिल्यांदा फसले. घाईत सरस थोडा थंड झाला होता आणि जोडात जेलीसारखी जाड रेघ दिसत होती. सरस असल्यामुळे ओल्या कापडाच्या घडीने दोन तासांत ते ठिगळ अलगद सुटले, आणि परत काढता येणाऱ्या पदार्थाचे मोल मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळले. मूठ दोन दिवस वाळू दिली, दोन्ही पृष्ठे पुन्हा खरवडली आणि दुसऱ्या वेळी भांड्यातून काढल्याबरोबर लावले. जोड आता तिरप्या उजेडातच दिसतो.

छिद्रे लाखेने भरली. रंगाचे सात नमुने केले. पहिले पाच गडद निघाले. सहाव्यात पूड फिकी घेतली तेव्हा तो जवळ आला, आणि सातव्यात सुईच्या टोकाएवढा गेरू घातल्यावर जुळला. खोल छिद्रे तीन थरांत भरली. वर आलेला फुगवटा धारदार पात्याने तासून काढला, कारण पॉलिश पेपर थेट फिरवला तर मऊ भरण आधी झिजते आणि भोवतीचे शिंग उंच राहते. त्यानंतर 400, 600, 1000 आणि 2000 क्रमांकाचे पेपर, तेही लहान लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून आणि पाण्याऐवजी जवसाच्या तेलाच्या एका थेंबावर. शेवटी खडूची वस्त्रगाळ पूड कापडावर घेऊन चकाकी आणली आणि मेणाचा पातळ हात दिला. पेपर घासताना एके ठिकाणी लाख वासाने ओळखू येईल इतकी तापली, तेव्हा थांबलो. घासण्याची उष्णता भरण मऊ करायला पुरेशी असते, हे कोणी सांगितले नव्हते, म्हणून नोंदवतो.

एक शंका उरली आहे. सर्वांत खोल छिद्राचे भरण गेल्या आठवड्यात केसभर खाली बसल्यासारखे वाटते. नख फिरवले की कड जाणवते. लाख आकसत नाही असे वाचले होते, मग हे कशामुळे?

लाखेची_कांडी

लाख आकसली नसावी. तळाशी हवेचा बुडबुडा कोंडला असेल आणि घासताना तापून मऊ झालेले भरण त्यात उतरले असेल. वरून पातळ थर देऊ नका, तो सोलून निघेल. तापवलेल्या दाभणाचे टोक त्या भरणात तळापर्यंत हळू उतरवा, एक-दोन बुडबुडे वर आलेले दिसतील. ते फुटून गेल्यावर कांडीचा एक थेंब त्याच गरम भरणात मिसळू द्या आणि पूर्ण एक दिवस जाऊ दिल्यावर पात्याने तासा.

जुनीमूठ

काल तसेच केले. दोन बुडबुडे आले. आज सकाळी तासून, खडूने घासून पाहिले. नख आता कुठेही अडत नाही. चिरेवर डबीतल्या आर्द्रतामापकासह पुढचा पूर्ण कोरडा हंगाम लक्ष ठेवीन आणि ती उघडली किंवा कडेने दुसरी रेघ दिसली, तर याच धाग्यावर मापासह लिहीन.